मोटारीचा साज

मासिकाच्या पानांवर काव्याची, नाटकाची, चित्राची समीक्षा व्हावी आणि मोटारीच्या सजावटीची मात्र होऊं नये, असा कांहीं शास्त्राधार आमच्या पाहण्यांत नाहीं. एखादी कृति कला या नांवाला पात्र व्हावयाची तर तिच्या ठायीं तीन गोष्टी लागतात: निवड करणारें मन, तें मन ज्यावर काम करतें तें द्रव्य, आणि झालेलें काम पाहणारा कोणी तरी दुसरा. सुट्टीच्या सकाळीं दारांत मोटार उभी करून, बादली, फडकीं, पॉलिश-कागद आणि रंगाचे डबे भोंवतीं मांडून बसलेल्या गृहस्थापाशीं या तिन्ही गोष्टी असतात. चित्रप्रदर्शनाला वर्षाकाठीं एकदां जाणारा कोल्हापूरकर दसरा चौकांतून जातां-येतां सजवलेल्या गाड्या रोज पाहतो. ज्या कलेचें प्रदर्शन बारा महिने उघडें असतें आणि ज्याला तिकीट नाहीं, तिच्याविषयीं टीकाकारांनीं मौन धरावें हा सोंवळेपणा नव्हे, आळस आहे. तो थोडासा झटकावा एवढ्याच हेतूनें आम्ही हा विषय हातीं घेतला आहे.

सुशिक्षित घरांतून या विषयावर दोन मतें ऐकूं येतात. पहिलें मत असें कीं, मोटार कारखान्यांतून बाहेर पडते ती सर्वांगपरिपूर्ण होऊनच पडते. मोठमोठे इंजिनियर आणि चित्रकार वर्षानुवर्षें झिजून तिचा घाट ठरवितात, आणि तिच्यावर घरीं कांहीं चिकटवणें म्हणजे चांगल्या श्लोकांत पदरचा एक चरण घुसडणें होय. हें मत भारदस्त आहे, पण इतिहासाला धरून नाहीं. फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही मोटार १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगांत निघे. तिचें रूप खरोखरच कामापुरतें होतें. पुढें, चालती मोटार टाकून गिऱ्हाइकानें नवी कां घ्यावी, हा प्रश्न विक्रेत्यांपुढें उभा राहिला, आणि जनरल मोटर्स कंपनीनें १९२७ सालीं हार्ले अर्ल यांच्या हाताखालीं ‘कला आणि रंग’ असा स्वतंत्र विभागच उघडला. तेव्हांपासून कारखान्याची मोटार हीहि सजवलेलीच मोटार आहे. भेद एवढाच कीं, ती सजावट लाखों अनोळखी गिऱ्हाइकांच्या सरासरी आवडीला उद्देशून केलेली असते. मग कारखान्याच्या अलंकाराला ‘घाट’ म्हणावयाचें आणि घरच्या अलंकाराला ‘नखरा’ म्हणावयाचें, हा न्याय नव्हे.

दुसरें मत तरुण मंडळींचें. ‘गाडी आमची, पैसा आमचा, मग लोकांना काय त्याचें?’ हें उत्तर माजघराला शोभतें. रस्त्याला शोभत नाहीं. मोटारीला माजघर आहे तशी दर्शनी भिंतहि आहे. आंतल्या बैठकी, पायांखालचा गालिचा, समोरच्या फळीवरची गणपतीची मूर्ति हें माजघर. तेथें मालकाची सत्ता चालावी. परंतु बाहेरचा रंग, दिवे, भोंगा, पाठीवरचीं अक्षरें हीं रस्त्यावर मांडलेलीं असतात, आणि तीं पाहावीं कीं न पाहावीं हें ठरविण्याची मुभा येणाऱ्याजाणाऱ्याला नसते. कवितेचें पुस्तक न आवडलें तर मिटतां येतें. समोरून डोळ्यांवर येणारा दिवा मिटतां येत नाहीं.

तेव्हां सरसकट नापसंती आणि सरसकट मुभा हीं दोन्ही मतें बाजूला ठेवून कांहीं एक माप ठरविलें पाहिजे. तें माप आमच्या मतें आपल्या साहित्यशास्त्रांत तयारच आहे. अकराव्या शतकांत काश्मीरांत होऊन गेलेल्या क्षेमेंद्रानें ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथांत औचित्य हा काव्याचा प्राण मानला. आणि तें पटवितांना दागिन्यांचेंच उदाहरण घेतलें. कमरेची मेखला गळ्यांत घातली, गळ्यांतला हार कमरेला बांधला, पायांतले नूपुर हातांत चढविले, तर पाहणाऱ्याला हंसूंच येणार. ध्यानांत घ्यावयाचें तें हें कीं, येथें दागिना खोटा नाहीं; सोनें चोख आहे, घडणावळ उत्तम आहे. चुकली आहे ती फक्त जागा. मोटारीच्या साजाचा गुणदोषविचार करतांना ‘हें सुंदर आहे काय?’ हा प्रश्न दुसरा. ‘हें येथें शोभतें काय?’ हा पहिला.

वाहनाला साज चढविण्याची रीत आपल्याकडे मोटारीबरोबर आली, असें मात्र कोणीं समजूं नये. कोल्हापूरच्या पंचक्रोशींत आषाढांतल्या बेंदराला बैल धुतात, शिंगांना हिंगूळ लावतात, अंगावर झूल घालतात, गळ्यांत घुंगुरमाळ बांधतात, पुरणपोळीचा घास भरवितात, आणि त्या दिवशीं त्याच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत. या सजावटीचा विषय बैल आहे, मालक नव्हे. वर्षभर राबलेल्या जनावराचे उपकार आठवण्याची ती रीत आहे. मालकाला आपल्या जोडीचा अभिमान नसतो असें नाहीं. पण तो बैलाच्या आडून बोलतो. दसऱ्याच्या दिवशीं सोनें लुटण्याच्या सोहळ्याला छत्रपति घराण्याची संस्थानकाळांतली केशरी मेबॅक मोटार दसरा चौकांत येते, तेव्हां तिचा रंगच तिची सारी ओळख पुरी करतो. तिला कर्णा फुंकावा लागत नाहीं. आणि आमच्या गांवची रिक्षा तर सजावटीसाठीं नांवाजलेलीच आहे. तिच्या सौंदर्याच्या स्पर्धा भरतात, बक्षिसें लागतात, आणि आपल्या गाडीच्या आरशाला, कांचेला, बैठकीला रिक्षावाला जी निगा देतो ती कित्येक बंगल्यांच्या दिवाणखान्यांना लाभत नाहीं. त्याचें कारण उघड आहे. रिक्षा हें त्याच्या पोटाचें साधन, दिवसाचे बारा तास राहण्याचें घर, आणि आंत बसणारा प्रत्येक उतारू हा त्याचा पाहुणा. पाहुण्यासाठीं सारवलेली ओसरी आणि शेजाऱ्याला दिपविण्यासाठीं रंगविलेली भिंत यांत जें अंतर आहे, तेंच मोटारीच्या चांगल्या आणि वाईट साजांत आहे.

आतां प्रत्यक्ष कामांकडे वळूं. घरीं होणाऱ्या साजांत आम्ही सर्वांत वरचें स्थान देतों तें निगेच्या कामाला, कारण त्यांत भूषण आणि उपयोग यांची फारकत होत नाहीं. जुन्या मोटारीच्या पुढच्या दिव्यांचेंच उदाहरण घ्या. दिव्यांवरचें आवरण हल्लीं कांचेचें नसून पॉलिकार्बोनेट नांवाच्या प्लॅस्टिकचें असतें. उन्हांतल्या अतिनील किरणांनीं तें कांहीं वर्षांत पिवळें, धुरकट पडतें, आणि मोतीबिंदु झालेल्या डोळ्यासारखें दिसूं लागतें. हौशी माणूस भोंवतालच्या रंगावर कागदी पट्टी चिकटवितो, पाणी शिंपडीत आधीं आठशें नंबरच्या, मग दोन हजार नंबरच्या पॉलिश-कागदानें तें घांसतो, आणि शेवटीं मलम लावून फडक्यानें तकाकी आणतो. जाणता माणूस एवढ्यावर थांबत नाहीं. घांसतांना कारखान्यानें दिलेलें संरक्षक कवचहि निघून गेलेलें असतें. म्हणून तो अतिनील किरण अडविणारा नवा लेप वर चढवितो, नाहींतर थोड्याच महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. या कामांत शंभर-दोनशें रुपयांचें सामान आणि एक सकाळ खर्च होते. मोटारीचा चेहरा उजळतो आणि रात्रीचा रस्ताहि उजळतो. काव्यांत ज्याला आपण प्रसादगुण म्हणतों तो याहून निराळा नाहीं.

आंतल्या साजांत आम्हांस सर्वांत अधिक आवडलेली वस्तु कोणत्याहि दुकानांत मिळणारी नाहीं. राजारामपुरींतल्या एका गल्लींत उभ्या असणाऱ्या एका जुन्या मारुती ८०० मोटारीच्या मागच्या बैठकीला घरीं शिवलेल्या वाकळेचें आवरण आहे. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे तुकडे, त्यांवर हाताचे बारीक धावदोरे, आणि कांठ नेमके बैठकीच्या कडेवर आलेले. या मोटारीचें उत्पादन २०१४ सालीं बंद झालें. तिला बाजारांत आतां फारशी किंमत नाहीं. पण तिच्यावर बसलें कीं आपण कोणा अमक्याच्या घरीं बसलों आहों असें वाटतें, आणि हेंच तर त्या अलंकाराचें कार्य. नव्या मोटारींत मात्र हीच हौस विचारानें करावी लागेल. २०२२ पासून नव्या मोटारींत पुढच्या दोन्ही बैठकांसमोर एअरबॅग, म्हणजे अपघाताच्या क्षणीं फुगणारी हवेची पिशवी, सक्तीची झाली आहे. कित्येक मोटारींत ती बैठकीच्या कुशींतहि असते आणि शिवण फाडून बाहेर येते. तिच्यावर जाड आवरण ताणून बसविलें तर ऐन वेळीं ती अडते. समोरच्या फळीवर एअरबॅगच्या झांकणावरच चिकटविलेली मूर्ति पिशवी फुगतांच धोंड्यासारखी सुटते. देवाला मोटारींत जागा असावी. पण ती अशी नसावी कीं रक्षण करावयाच्या क्षणीं त्याच्याकडून इजा व्हावी. आरशाला टांगलेल्या इवल्याशा कोल्हापुरी चपलांचेंहि तेंच. वस्तु गोड आहे, कारागिरी अस्सल आहे. परंतु जो आरसा मागचें पाहण्यासाठीं आणि जी कांच पुढचें पाहण्यासाठीं, त्यांच्या मधोमध लोंबणारी वस्तु ही कमरेला बांधलेला हारच होय. चपला किल्लीला बांधाव्या. तेथें त्या शोभतात.

बाहेरच्या साजांत एक दोष आम्हांस फार खुपतो, आणि तो म्हणजे द्रव्याचा खोटेपणा. रस्किननें १८४९ च्या आपल्या वास्तुकलेवरील ग्रंथांत सत्याला कलेच्या सात दीपांपैकीं एक मानलें, आणि लांकडाला संगमरवराचा रंग देणाऱ्यांना दोष दिला. आजच्या मोटारीवर कार्बन-फायबरची वीण छापलेला प्लॅस्टिकचा कागद चिकटवितात त्याला हाच न्याय लागू पडतो. खरें कार्बन-फायबर हलकें आणि चिवट असतें, म्हणून शर्यतींच्या मोटारींत वापरतात. त्याची वीण हा त्याच्या बळाचा दृश्य पुरावा असतो. छापील वीण मोटारीला हलकी करीत नाहीं. उलट कागदाच्या वजनाइतकी जड करते. वारा आंत न घेणारी खोटी जाळी, धूर बाहेर न सोडणारीं खोटीं धुराड्याचीं तोंडें हीं त्याच जातीचीं. हा पोकळ अनुप्रास आहे: नाद आहे, अर्थ नाहीं. याच्या उलट, गंजलेलें दार स्वतः खरवडून, अस्तराचा हात देऊन, उरल्यासुरल्या रंगानें रंगविलेलें, छटा किंचित् चुकलेलें दार आम्हांस सुंदर वाटतें. तें दार जें आहे तेंच असल्याचें सांगतें.

याहून गंभीर दोष आहे तो दरारा बसविण्याच्या हौसेचा. बोलेरो किंवा थार यांच्यासारख्या उंच गाड्यांच्या तोंडाशीं पोलादी नळ्यांचा अडसर बसवितात. त्यानें गाडी पैलवानासारखी दिसते, असें म्हणतात. मोटारीचा पुढचा भाग धडकेंत चेपला जावा आणि धक्का त्यानें स्वतः गिळावा, अशाच बेतानें बनविलेला असतो. अडसर तो धक्का थेट सांगाड्याला पोंचवितो, एअरबॅगच्या यंत्रणेचा अंदाज चुकवूं शकतो, आणि पायीं जाणाऱ्याच्या अंगावर तर तो लोखंडाचा दांडकाच. म्हणूनच केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें राज्यांना असे अडसर काढावयास कळविलें. कांचेवरील काळ्या कागदांचीहि तीच कथा. पुढच्या-मागच्या कांचेंतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या कांचांतून निदान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा मोटारींच्या कांचांचा दंडक. आणि २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें काळे कागद उतरविण्याचा आदेश दिला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम सांगतें कीं, नोंदणीपुस्तकांतल्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरबदल मालकानें करूं नये. हीं कलमें सौंदर्यशास्त्राचीं नव्हेत हें खरें. पण तीं वाचतांना आम्हांस वारंवार क्षेमेंद्राची आठवण होते.

अक्षरांचा साज हा आमच्या खास आवडीचा विषय, कारण तेथें मोटार साहित्याच्या प्रांतांत शिरते. नंबरच्या पाटीवरील ४१४१ हे आकडे वांकवून त्यांतून ‘दादा’ वाचावयास लावणें किंवा ४९१२ मधून ‘पवार’ काढणें, ही चित्रकाव्याची करामत महाराष्ट्रांत बरीच गाजली. बुद्धीचें कौतुक करून आम्ही ती नापास करतों. नंबर हा मोटारीचा अलंकार नव्हे. तें तिचें समाजानें ठेवलेलें नांव आहे, आणि धडक देऊन पळालेल्या मोटारीचा शोध घेणाऱ्यांना त्या नांवाखेरीज आधार नसतो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एकसांचाची सुरक्षित पाटी सक्तीची झाली आणि या काव्याचा बहर ओसरला, तें योग्यच झालें. पाठीवरच्या मजकुराची गोष्ट मात्र वेगळी. ‘आईचा आशीर्वाद’, ‘महालक्ष्मी प्रसन्न’, ‘जगात भारी कोल्हापुरी’ हीं वाक्यें कोणाच्या वाटेंत येत नाहींत. त्यांतलें पहिलें ऋण मान्य करतें, दुसरें श्रद्धा सांगतें, आणि तिसरें फुशारकी मारतें. पण ती साऱ्या गांवाच्या वतीनें मारलेली असल्यामुळें ऐकणाऱ्यालाहि तींत वांटा मिळतो.

आमची तक्रार त्या वाक्यांविरुद्ध नसून त्यांच्या अक्षरांविरुद्ध आहे. पूर्वीं हीं वाक्यें पेंटर हातानें लिहीत; प्रत्येकाची वेलांटी निराळी, प्रत्येकाची छाया देण्याची तऱ्हा निराळी. आतां यंत्र प्लॅस्टिकचा कागद कापतें आणि मालक तो चिकटवितो. एकच आशीर्वाद, एकाच वळणाचा, हजारों मोटारींवर. ज्या कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांनीं परदेशी यंत्राची वाट न पाहतां १९१८ सालीं चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविला, त्या गांवानें आपलीं अक्षरें यंत्राकडून तयार विकत घ्यावीं, हें आम्हांस लागतें. घरच्या साजाचें सारें समर्थन ‘तो घरचा आहे’ या एका गोष्टीवर उभें आहे. दुकानांतून आणलेला साचेबंद साज मोटारीवर चढविला तर कारखान्याच्या सरासरीवर दुकानाची सरासरी चढली, एवढेंच घडतें. मालकाचा हात त्यांत कोठेंच लागत नाहीं.

शेवटीं दिव्यांविषयीं. तंतूच्या बल्बासाठीं बनविलेल्या परावर्तकांत हौसेनें झगझगीत पांढरा एल. ई. डी. बल्ब बसविला, तर प्रकाशाचा उगम मूळ जागेवर राहत नाहीं. झोत रस्त्यावर पडण्याऐवजीं विस्कटून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हें करणाऱ्याला वाटतें, आपल्या मोटारीचे डोळे पाणीदार झाले. परंतु साखरेचा हंगाम सुरू झाला म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या रस्त्यांवर रात्रभर उसाच्या गाड्या चालतात. कित्येकांच्या मागें दिवा नसतो; असलाच तर एखादी चकाकती पट्टी. समोरच्या पाणीदार डोळ्यांनीं दिपलेल्या चालकाला ती पट्टी दिसत नाहीं, उसाची मोळी दिसत नाहीं, गाडी ओढणारी बैलजोडीहि दिसत नाहीं. बेंदराला ज्याच्या शिंगांना आपण हिंगूळ लावला, त्याच बैलाला पौषांत आपल्या अलंकारानें अंधारांत ढकललें, असा त्याचा अर्थ होतो.

आमचा अभिप्राय थोडक्यांत हा. मोटार सजवावी, आणि घरीं सजवावी. लेंकरांना हाताशीं घेऊन सजवावी. म्हणजे पॉलिश-कागद कोणत्या दिशेनें फिरवावा, रंगाचा पहिला हात वाळण्याआधीं दुसरा कां देऊं नये, हें त्यांना हातानें कळेल, आणि जिच्यासाठीं आपण राबलों ती वस्तु बेफामपणें हांकूं नये, हेंहि कदाचित् कळेल. रंग बदलल्यास त्याची नोंद करून घ्यावी. आंतल्या साजांत मन मोकळें सोडावें, फक्त एअरबॅगची आणि नजरेची वाट मोकळी ठेवावी. बाहेरच्या साजाला मात्र दारांतल्या रांगोळीचा नियम लावावा. रांगोळी घरधणिनीच्या हातची असते, तिच्या आवडीची असते, पण ती काढतांना तिच्या मनांत दारावरून जाणारा असतो. आणि ती कितीहि मोठी असो, त्याच्या पायांपुरती जागा ती सोडून काढलेली असते.